घरची बालवाडी: साधनं काय घ्यावीत, काय घेऊ नयेत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला एलकेजी-यूकेजीत न घालता घरीच शिकवणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत पुढे मराठी किंवा इंग्रजी माध्यम आणि कन्नड विषय, असा आपल्याकडचा हिशेब असतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या खरेदीच्या याद्या इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

सहा वर्षांपर्यंत शाळेत घातलं नाही तर कायद्याची काही अडचण?

नाही. शिक्षण हक्क कायदा (२००९) सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधी बालवाडी सक्तीची नाही. कर्नाटकात पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण असावीत असा नियम आहे. २०२५-२६ या एका वर्षापुरती त्यात पाच वर्षं पाच महिन्यांपर्यंत सूट दिली होती. जुलैत जन्मलेलं मूल या नियमाने पहिलीत बसेल तेव्हा सातव्याला टेकलेलं असेल, म्हणजे वेळ भरपूर आहे. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत स्तर अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तक नसावं असंच म्हटलं आहे. शेजारचं मूल एलकेजीचं चौथं पुस्तक संपवतंय म्हणून घाबरायचं कारण नाही.

सुरुवातीला नेमकं काय विकत घ्यायचं?

पहिल्या सहा महिन्यांसाठी एवढं पुरतं: दहा-बारा चित्रांची पुस्तकं, जाड मेणखडूंची एक पेटी (बारा रंग पुष्कळ झाले), बोथट टोकाची लहान कात्री, एक पाटी, फेव्हिकॉल आणि लाकडी ठोकळे. ठोकळे दुकानातूनच आणावेत असं नाही. सुताराकडे फळ्यांचे तुकडे पडलेले असतात. त्यातून एकाच मापाचे चाळीसेक तुकडे कापून, कडा पॉलिश पेपरने घासून घ्यावेत. सगळे एका मापाचे हवेत. दोन लहान ठोकळे मिळून एक मोठा होतो हे कळण्यासाठी आणखी दहा-बारा तुकडे दुप्पट लांबीचे करून घ्या. रंग, वॉर्निश काही लावू नका. प्लायवूडचे तुकडे टाळा, त्यांची कूस बोटात जाते.

खर्चाला मर्यादा असेल तर आधी पुस्तकं. कात्री आणि खडू स्वस्त असतात आणि बाकीचं बरंच घरात सापडतं. 'पाचशे तुकड्यांचा एज्युकेशनल सेट' मात्र नको. मूल पहिल्या दिवशी सगळं ओततं आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं कॉटखाली गेलेलं असतं.

पाटीबद्दल एक सूचना. मूल पाटीवरची पेन्सिल सतत खात असेल तर पेन्सिल लपवून भागत नाही. माती, खडू, पेन्सिल खाण्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

स्वयंपाकघरातल्या कोणत्या वस्तू खरंच शिकण्याच्या कामी येतात?

सगळ्यात मोलाची म्हणजे जुनी मापं. आजीकडे चिपटं, मापटं, शेर, पायली असेल तर गणिताचं महागडं साधन घेऊ नका. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. दुप्पट आणि निम्मं इतकं स्वच्छ दाखवणारी वस्तू बाजारात मिळणं कठीण.

वापरायचं असं: जमिनीवर जुनी चादर, वर परात, परातीत दोन शेर जोंधळे. तांदूळ सांडला तर टिपता येत नाही, म्हणून जोंधळेच बरे. पहिले तीन-चार दिवस काही शिकवू नका, नुसतं ओतू द्या. मग विचारा, "मापटं भरायला किती चिपटी लागतील?" आधी अंदाज, मग मोजणी. इथे एक गोष्ट हमखास बिघडते. मूल एक माप शीग लावून भरतं, दुसरं काठापर्यंत, आणि हिशेब जुळत नाही. अशा वेळी "चूक" म्हणू नका. दोन्ही मापं शेजारी ठेवून वरून हात फिरवून सपाट करायला दाखवा. माप म्हणजे दर वेळी सारखंच भरणं, हे चार वर्षांच्या मुलाला इथेच उमगतं. जुन्या पत्र्याच्या मापांना गंज किंवा धारदार कड असेल तर मात्र ती वापरू नका.

हातांसाठी: फुलके फुगवायच्या चिमट्याने चिंचोके एका वाटीतून दुसरीत टाकणं, ओलं फडकं पिळणं, मेथी निवडणं, वाटाण्याच्या शेंगा सोलणं, जुन्या शर्टाची बटणं लावणं-काढणं. बेळगावच्या वडगाव-खासबागेत यंत्रमागावर कोणी ओळखीचं असेल तर सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणि कांड्या मागून आणा. कोन एकावर एक बसतात, कांड्यांतून नाडी ओवता येते. तेलाचे डाग असलेल्या कांड्या तेवढ्या वगळा.

अळगुळी मणे (खळग्यांच्या पाटावर बिया टाकत खेळायचा जुना खेळ) कुणाच्या माडीवर पडलेलं असेल तर खाली काढा. चौदा खळगे आणि मूठभर चिंचोके. पूर्ण डावाचे नियम पाच वर्षांच्या मुलाला झेपत नाहीत, पण "प्रत्येक खळग्यात चार" एवढं मांडणं हीच मोजणी.

बियांपासून मोजायला शिकवावं म्हणतात. कोणत्या चालतात?

चिंचोके, सागरगोटे, वाल, राजमा. हेही तीन वर्षांनंतर आणि मोठं माणूस समोर असतानाच. लहान दाणा नाकात किंवा कानात गेला तर चिमट्याने काढायला जाऊ नका, आत ढकलला जातो. हरभरा-वाटाणा तर ओल्या नाकात फुगतो. सरळ डॉक्टरांकडे जा.

काही बिया घरातच आणू नयेत. लाल-काळी गुंज दिसायला मण्यासारखी असते, पण चावून फुटली तर जीवघेणी ठरू शकते. एरंडाच्या आणि धोतऱ्याच्या बियाही विषारी. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना फार वाईट. खानापूर, जांबोटी, चंदगडकडे कच्चे काजू सहज हाताशी असतात, पण त्यांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. निपाणी भागात तंबाखूची पानं, पोती, वखारीतली धूळ यांच्याशी मुलांना खेळू देऊ नका, कारण निकोटिन कातडीतूनही अंगात भिनतं.

गोकाकची, चन्नपट्टणची खेळणी चांगली का?

चन्नपट्टणची खेळणी लाखेच्या कामाची. ती तोंडात घालण्याच्या वयालाही बरी, फक्त खात्रीच्या दुकानातून घ्या, कारण नावावर नकली माल खपतो. ओल्या बोटाने घासून पाहा, रंग बोटावर आला तर परत करा. गोकाकची फळं-भाज्या दिसायला इतकी हुबेहूब की नावं शिकवायला, वर्गवारी करायला, 'बाजार बाजार' खेळायला उत्तम. पण ती रंगवलेली शोभेची वस्तू आहे, चघळायची नव्हे. तीन वर्षांच्या आतल्या भावंडाच्या हाती देऊ नका.

कारखान्यातल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बाजारात टोपलीत सुटी मिळणारी, बिनचिन्हाची, झगझगीत रंगाची प्लास्टिकची खेळणी नकोतच. आवाज काढणाऱ्या खेळण्यातली बटणासारखी सपाट बॅटरी स्क्रूने बंद आहे ना, ते पाहा. ती गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते.

अक्षरांचा तक्ता कोणता घ्यावा?

बाजारातले बरेच 'मराठी' तक्ते मुळात हिंदीसाठी छापलेले असतात. विकत घेण्याआधी चार जागा पाहा. ळ आहे का? ड आणि ढ खाली टिंब देऊन पुन्हा छापलेत का? (तसं असेल तर तक्ता हिंदी.) ल आणि श मराठी वळणाचे आहेत का? ॲ आणि ऑ आहेत का? महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेत ॲ, ऑ घेतले आणि ल, श यांचं मराठी वळण ठरवून दिलं. अ ला 'अनार' आणि इ ला 'इमली' दिसली की तक्ता तिथेच ठेवा.

चित्रंही तपासा. ऐरण आणि उखळ आता मुलाने पाहिलेलं असेलच असं नाही. न पाहिलेल्या वस्तूच्या चित्रावरून आवाज लक्षात राहत नाही. च, ज, झ ला मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. 'चमचा' आणि 'चिमणी' यांतला च वेगळा. एका अक्षराला सुरुवातीला एकच चित्र ठेवा, दुसरा उच्चार पुढे आपोआप येतो.

खरं तर भिंतीवरच्या तक्त्याचा उपयोग मुलापेक्षा पाहुण्यांना जास्त होतो. "म्हणून दाखव बघू" एवढ्यासाठी तो असतो. त्या पैशात दोन पुस्तकं येतात.

मग अक्षरं शिकवायची कशी? अ पासून ज्ञ पर्यंत?

नको. अ, आ, इ, ई पाठ केल्यावर 'आई' सोडली तर मुलाला एकही नेहमीचा शब्द धड वाचता येत नाही, आणि इ, ऋ, ऐ यांची वळणं सुरुवातीला अवघडच. त्याऐवजी आठ-दहा अशी अक्षरं घ्या की लगेच शब्द होतील: घ, र, न, ळ, क, म, ग, ब, स, ल. यांतून घर, नळ, बस, रस, कमळ, गरम, मगर हे शब्द निघतात. मग फक्त काना द्या: काका, मामा, नाक, कान, माळ, गाल, बाळ. घरातल्या माणसांचीच नावं वाचता आली की मूल पुढचं अक्षर स्वतःहून मागतं. ऱ्हस्व वेलांटी शेवटाकडे ठेवा, कारण ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. इथे बरीच मुलं गोंधळतात.

हे सगळं साडेचार-पाचच्या आसपास. त्याआधी कानाचं काम: "म ने सुरू होणाऱ्या तीन गोष्टी शोध", यमक जुळवणं, शब्दाचे तुकडे टाळीवर पाडणं (क-मळ, घड्-याळ). ज्या मुलाला शब्दाचा पहिला आवाज ओळखता येत नाही, त्याला अक्षर दाखवून फायदा नाही.

पॉलिश पेपरची अक्षरं घरी करता येतात का?

येतात, दुकानापेक्षा चांगली होतात. जाड पुठ्ठ्याचे १५ बाय २० सेंटिमीटरचे तुकडे कापा. १२० नंबरचा पॉलिश पेपर आणा. ६० नंबरचा बोट सोलवटतो, ४०० नंबरचा बोटाला जाणवतच नाही. अक्षर साधारण १० सेंटिमीटर उंच, रेघ १ सेंटिमीटर जाड. पाठीमागून आखून कापत असाल तर अक्षर उलटं, आरशातल्यासारखं काढा. नाहीतर कापून झाल्यावर ग उलट्या तोंडाचा निघतो आणि कागद वाया जातो. कात्री जुनी वापरा, कारण धार जातेच. शिरोरेघेची पट्टी वेगळी कापून चिकटवा, म्हणजे आधी अक्षर, शेवटी रेघ, हा क्रम बोटात बसतो. सुरुवातीच्या जागी हिरवा ठिपका द्या. फेव्हिकॉल लावल्यावर रात्रभर वजनाखाली ठेवा, नाहीतर कडा उचलल्या जातात.

मुलाने तर्जनी आणि मधलं बोट एकत्र ठेवून अक्षर गिरवायचं आणि आवाज म्हणायचा. 'म मगरीचा' नको, नुसता 'म'. एका वेळी दोन किंवा तीनच अक्षरं, तीही दिसायला वेगळी. घ आणि ध एकाच आठवड्यात आणू नका.

कन्नडसाठी काय साधन घ्यावं? आम्हाला स्वतःला वाचता येत नाही.

सर्वांत चांगलं साधन म्हणजे कन्नड बोलणारं दुसरं मूल. तक्ता, ॲप, फ्लॅशकार्ड यांच्या कितीतरी पुढे. सीमाप्रश्नाबद्दल घरात काहीही मत असो, मुलाला गल्लीत खेळायला भाषा लागते. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यामुळे इथल्या कुठल्याही माध्यमाच्या शाळेत पहिलीपासून कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून येतेच.

आठवड्यातून तीन-चारदा ठरलेल्या वेळी कन्नड शेजाऱ्यांकडे खेळणं हा पहिला मार्ग. अंगणवाडी हा दुसरा. घरी शिकवता म्हणून अंगणवाडीचं दार बंद होत नाही. दोन तास तिथे गेल्याने गाणी, मुलांचा घोळका आणि वजन-उंचीची नोंद असं सगळंच मिळतं. आणि तिसरा मार्ग बाजाराचा: लिंबं घेताना ओंदु, एरडु, मूरु मोजणं, "एष्टु?" (किती?) विचारणं. पाचव्या वर्षापर्यंत शे-दीडशे शब्द आणि 'नीरु बेकु' (पाणी हवं), 'इल्ली बा' (इकडे ये), 'नन्न हेसरु' (माझं नाव) अशी वाक्यं आली की पुष्कळ.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मोफत संकेतस्थळ पाहा. एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्येही बऱ्याचदा सापडते. कन्नड प्रत छापून घ्या, शेजारच्या काकूंना किंवा अज्जींना वाचायला सांगा आणि फोनवर आवाज भरून ठेवा. आधी मराठीत दोनदा ऐकवा, मग कन्नडमध्ये. गोष्ट माहीत असली की शब्द चित्रावरून उमगतात.

कन्नड लिपी मात्र मराठी वाचन सुरळीत झाल्यावर, निदान सहा महिन्यांनी. दोन्हींचा बाराखडीचा साचा सारखाच आहे, त्यामुळे एक पक्की झाली की दुसरी लवकर येते. दोन्ही एकदम सुरू केल्या तर दोन्ही डळमळतात. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन असतात, मराठी कानाला तो फरक पटकन कळत नाही. म्हणून उच्चार कन्नड माणसाकडूनच ऐकलेला बरा.

घरात आम्ही "काय करूलास?" असं बोलतो. पुस्तकातली मराठी वेगळी. मूल गोंधळेल का?

नाही. बोलताना घरचीच बोला, वाचताना पुस्तकात जसं छापलंय तसं वाचा. मुलं दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. बोली सुधारायच्या नादात मूल बोलायचंच कमी करतं, ते जास्त महाग पडतं.

आकडे मराठी, इंग्रजी की कन्नड?

लिहायला इंग्रजी आकडे, कारण इथल्या शाळेत, बसवर, नोटेवर तेच जास्त दिसतात. देवनागरी आकडे नंतर. दोन्ही एकदम दिले की घोळ होतो, कारण देवनागरी ४ मुलाला इंग्रजी आठसारखा दिसतो आणि १ नऊसारखा.

खरी अडचण बोलण्यात आहे. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, वीस नंतर. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', म्हणजे वीस आधी. इंग्रजीतही तसंच. म्हणून मराठी घरातलं मूल पंचवीस ऐकून आधी पाच लिहितं आणि बावन्न करून ठेवतं. 'एकोणतीस' तर आणखी अवघड: तीस ऐकू येतात आणि लिहायचे वीस नि नऊ. यात मुलाचं डोकं कमी नाही, शब्दांची रचनाच तशी आहे. उपाय असा: पाचव्या वर्षापर्यंत दहाच्या पलीकडे लिहायला लावू नका. मग आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहांचे जुडगे रबराने बांधा. दोन जुडगे आणि पाच सुट्या काड्या हातात देऊन "दोन दहा आणि पाच, म्हणजे पंचवीस" असं म्हणा. जुडगा मुलाने स्वतः बांधला पाहिजे. तयार जुडगे दिले तर ते त्याला एकच वस्तू वाटतात.

शंभरपर्यंत पाठांतर आलं म्हणजे मोजता आलं असं नव्हे. सात चमचे आणायला सांगा. मोजून सातच आणले तर मोजता येतं.

इंग्रजीचं काय?

दोन-चार गाणी, घरातल्या वस्तूंची नावं, एखादं चित्रपुस्तक. फोनिक्सचा (अक्षरांच्या आवाजांवरून वाचन शिकवण्याचा) महागडा संच सहाच्या आत घेऊ नका. मराठी शब्दाचे आवाज सुटे करता येत असतील तर तेच कौशल्य पुढे इंग्रजीत वापरलं जातं.

चांगली मराठी पुस्तकं कशी ओळखायची आणि कुठे मिळतील?

दुकानात उभ्या उभ्या दोन पानं मोठ्याने वाचा. जीभ अडखळली किंवा वाक्य मराठी माणूस बोलणार नाही असं वाटलं तर भाषांतर कच्चं आहे. तीन वर्षांच्या मुलाला पानाला एक-दोन ओळी, पाचव्या वर्षी चार-पाच. चित्र झाकून गोष्ट समजत असेल आणि चित्र पाहिल्यावर आणखी काही कळत असेल, तर पुस्तक उत्तम. प्रत्येक पानावर उपदेश असेल तर ठेवून द्या, मुलांना तो लगेच कळतो.

ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, प्रथम बुक्स, चेन्नईच्या तुलिकाची मराठी आणि कन्नड पुस्तकं, इथून सुरुवात करा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं मोफत पीडीएफमध्ये मिळतात, पण ती पहिलीपासून पुढची. 'किशोर' मासिकाचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ते मोठ्या मुलांसाठी असले तरी त्यातली एखादी गोष्ट आजोबांनी वाचून दाखवायला चांगली. बेळगावात सार्वजनिक वाचनालयाचं सभासद होणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. मुलाने एकच पुस्तक वीस वेळा मागितलं तर वीस वेळा वाचा. पुनरावृत्तीतूनच शब्द पक्के होतात.

स्टोरीवीव्हरची गोष्ट छापताना पहिल्या पातळीचीच घ्या (अडीचशेच्या आत शब्द). कागद आडवा धरून एका ए-४ वर दोन पानं छापा आणि मध्ये दोरा शिवा. लॅमिनेशनची गरज नाही. चमक येते आणि पानं मुलाच्या हाताने उलटत नाहीत.

वर्कबुकमध्ये ठिपके जोडायला तिसऱ्या वर्षापासून द्यावेत का?

नाही. त्या वयात मनगटाची हाडं पुरती घडलेली नसतात. मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं आणि तीच पकड पुढे सुटत नाही. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन आणि पाचच्या पुढे त्रिकोण बघून काढता येऊ लागतो. चौकोन आणि तिरकी रेघ जमली की अक्षराला हात घाला. लहान, तुटके खडू द्या. दीड इंचाचा तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत जातो.

खेळायची कणीक कशी करायची? आमची दोन दिवसांत चिकट होते.

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल, पाऊण वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घालून दहा मिनिटं मळा. रंगाला हळद चालते. बिटाचा रस सुंदर दिसतो, पण पुढे तपकिरी पडतो. चिकट होण्याचं कारण मीठ. ते पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा आणि चिकट झाली की मूठभर मैदा मळा. आठवड्याने टाकून द्या. मीठ फार असल्याने मूल गोळे खात नाही ना, इकडे लक्ष असू द्या. घरातल्या कुत्र्यालाही ती घातक.

खानापूरकडच्यांना हा खटाटोप नको. कुंभाराकडून चाळलेली माती आणा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. काम झालं की पुन्हा भिजवायची.

जूनपासून सगळं दमट होतं. साधनं टिकवायची कशी?

पुठ्ठ्याची कार्डं आणि पुस्तकं भिंतीला टेकवू नका, बोटभर मोकळी जागा सोडा. पत्र्याच्या डब्यात सुकवलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा. बुरशी आलेलं लाकूड कोरड्या फडक्याने पुसून उन्हात, ऊन नसेल तर चुलीपासून लांब उबेला. एका वेळी सहा-सात साधनंच बाहेर, बाकी बंद. दर दोन आठवड्यांनी बदललीत तर जुनीच पुन्हा नवी वाटतात.

मोबाईलवरचे शिकवण्याचे व्हिडिओ?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं त्याप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तितकं बरं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात तीन तास हालचाल आणि दहा ते तेरा तास झोप हवी. यातून उरलेल्या वेळातच स्क्रीन बसवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने काढलेल्या 'जादुई पिटारा' या खेळसाहित्याच्या संचातले खेळ आणि गोष्टी दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर आहेत. ते मुलाला दाखवण्यापेक्षा तुम्ही पाहा आणि खेळ जमिनीवर मांडा.

दिवसाला किती वेळ द्यायचा? दोघंही कामाला जातो.

तीन वर्षांच्या मुलाला बसून करायचं काम दहा-पंधरा मिनिटं, पाच वर्षांच्याला दोनदा वीस मिनिटं. बाकी सगळं स्वयंपाक, अंगण, बाजार. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना वेळापत्रक देऊ नका, एकच काम नेमून द्या: रोज एक गोष्ट. आणि "अबकड म्हण बघू" ही परीक्षा पाहुण्यांसमोर घ्यायची नाही, एवढं आधीच सांगून ठेवा.

तीन वर्षं झाली, अजून नीट बोलत नाही. दोन-तीन भाषांमुळे असेल का?

भाषा जास्त म्हणून बोलणं थांबत नाही. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा. तिसऱ्या वर्षीही दोन-तीन शब्दांची वाक्यं येत नसतील, नाव घेतल्यावर वळून पाहत नसेल, बोट दाखवून मागत नसेल, तर साधनं बदलत बसू नका. आधी कान तपासा, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. तारीख अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा. घरची भाषा सोडून फक्त इंग्रजी बोलायला लागा असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका.

पहिलीत घालताना एलकेजीचा दाखला मागतील का?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. वयाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. सरकारी मराठी किंवा कन्नड शाळेत अडचण येत नाही. खासगी शाळांचं गणित वेगळं. अनेक ठिकाणी पहिलीच्या जागा त्यांच्याच यूकेजीतल्या मुलांनी भरतात. एखादी ठरावीक शाळा मनात असेल तर आदल्या वर्षीच्या डिसेंबरातच जाऊन विचारा: पहिलीला बाहेरून मुलं घेता का, किती जागा असतात, अर्ज कधी निघतात.

शेवटच्या तीन महिन्यांत अक्षरांपेक्षा या गोष्टींचा सराव द्या: डब्याचं झाकण स्वतः उघडणं, संडासला जाऊन स्वच्छ होणं, चपलांचे पट्टे लावणं, पूर्ण नाव आणि गल्ली सांगणं, अनोळखी बाईंना मराठीत आणि कन्नडमध्ये पाणी मागणं.